सोडे, सी-यप आणि ‘अस्सल’ चायनीज

बे एरियात सोळा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये वीस-पंचवीस वेळा तरी गेले असेन, आणि प्रत्येक वेळी अर्ध्या तासात बाहेर. भारतातून कोणी आलं की ठरलेला कार्यक्रम असतो. ड्रॅगनच्या कमानीखाली फोटो, ग्रँट अव्हेन्यूवरच्या लाल कंदिलांखाली फोटो, फ्रिजला लावायची दोन मॅग्नेटं, चला गाडीत. जेवायला तिथे थांबायचं नाही. ‘ते सगळं टुरिस्टांसाठी असतं गं, अस्सल खायचं तर क्युपर्टिनो नाहीतर मिलपिटास.’ हे वाक्य मी स्वतः इतक्या लोकांना ऐकवलंय की आता लिहिताना लाज वाटतेय.

या वेळी मावशी आली होती. एकाहत्तर वर्षांची, अस्सल सीकेपी, मासळीबाजारात सोडलं तर संध्याकाळपर्यंत घरी न येणारी. तिच्यासाठी म्हणून तीन तासांची चालत-खात फिरवणारी टूर बुक केली. माणशी शंभर डॉलरच्या आसपास, टिप वेगळी. नवरा म्हणाला, ‘चालायचे पैसे देणार? पाय आपलेच ना?’ मलाही मनातून तसंच वाटत होतं.

गाइड साठीची बाई होती, तिथल्याच गल्ल्यांत वाढलेली. नाव लिहीत नाही, तिला विचारलेलं नाही. खायला द्यायच्या आधी तिने आम्हा अकरा जणांना ग्रँट आणि कॅलिफोर्निया स्ट्रीटच्या कोपऱ्यावर उभं केलं आणि विचारलं, ‘काय दिसतंय?’ सगळे म्हणाले, पॅगोडा. वरती वळलेली छपरं, हिरवं-लाल-सोनेरी. ‘हे चिनी आहे असं कोणाकोणाला वाटतं?’ सगळ्यांनी हात वर केले. मावशीने नाही केला, पण तिला प्रश्नच कळला नव्हता.

मग बाईंनी सांगितलं ते असं. १८ एप्रिल १९०६ च्या भूकंपानंतर लागलेल्या आगीत अख्खं चायनाटाउन जळून गेलं. शहराच्या पुढाऱ्यांना ही संधीच वाटली. मोक्याची जागा होती, तिथून चिन्यांना उचलून दक्षिणेला हंटर्स पॉइंटला नेऊन टाकायचं घाटत होतं. कायदा तर १८८२ पासूनच त्यांच्या विरोधात होता. चिनी मजुरांना देशात यायला बंदी, बाहेरून आलेल्यांना नागरिकत्वही नाही. अशा वेळी लूक टिन एली आणि इतर व्यापाऱ्यांनी घाई करून त्याच जागेवर बांधकाम काढलं, आणि असं काढलं की गोऱ्या माणसाने पैसे देऊन बघायला यावं. सिंग चाँग आणि सिंग फॅट या कोपऱ्यावरच्या दोन इमारती गोऱ्या वास्तुविशारदांनी काढल्या, ज्यांनी चीन कधी पाहिलासुद्धा नव्हता. आत साधी विटांची इमारत आणि डोक्यावर पॅगोड्याची टोपी. आधीचं चायनाटाउन असं दिसतच नव्हतं, इतर सॅन फ्रान्सिस्कोसारखंच होतं.

म्हणजे ज्या देखाव्याला मी सोळा वर्षं ‘टुरिस्टांसाठी केलेलं’ म्हणून नाक मुरडत होते, तो टुरिस्टांसाठीच केलेला होता. त्या देखाव्याच्या जोरावरच ती माणसं तिथे टिकली. पोस्टकार्डावर छापलेली वस्ती सहजासहजी हलवता येत नाही.

(समोर ओल्ड सेंट मेरीज चर्च आहे, १८५४ चं. त्याच्या घड्याळाखाली लिहिलंय की मुला, वेळ पाहा आणि पापापासून पळ काढ. एकेकाळी पलीकडेच वेश्यावस्ती होती, त्या गिऱ्हाइकांसाठी हा फलक. मावशीला सगळ्या टूरमध्ये हे सर्वांत आवडलं.)

फॉर्च्युन कुकीचंही, म्हणजे चायनीज जेवणानंतर मिळणाऱ्या भविष्याच्या चिठ्ठीवाल्या बिस्किटाचंही तेच. रॉस अॅलीत १९६२ पासूनचा छोटा कारखाना आहे. गरम तव्यांवरून पातळ गोल चकत्या निघतात आणि तिथल्या बायका कडक व्हायच्या आत चिठ्ठी घालून त्या दुमडतात. आपल्याकडे शंकरपाळ्याला लागणार नाही एवढा वेळ. ती कुकी मूळची जपानी. दुसऱ्या महायुद्धात जपानी-अमेरिकनांना छावण्यांत डांबलं आणि तो धंदा चिन्यांकडे आला. चीनमध्ये ती कोणी खात नाही. आमच्यातला एक जण लगेच म्हणाला, ‘म्हणजे फेकच!’ बाईंनी त्याला दुसरी कुकी दिली आणि पुढे चालायला लागल्या.

ग्रँटला समांतर स्टॉकटन स्ट्रीट आहे. एक गल्ली ओलांडली की फोटो काढणारे संपतात आणि पिशव्या घेतलेल्या म्हाताऱ्या सुरू होतात. इथे मावशी आमच्या हातातून गेली. एका मासेवाल्याकडे बर्फावर मांडलेला मासा तिने कल्ला उचलून पाहिला. दुकानदाराने तिच्याकडे पाहिलं, तिने त्याच्याकडे. मग त्याने तो बाजूला सारून खालचा दुसरा काढून दाखवला. एकमेकांचा एक शब्दही कळत नव्हता, तरी व्यवहार चोख झाला असता. मासा घेऊन टूर करता येत नाही म्हणून मी तिला ओढून पुढे नेलं.

पण शेजारच्या सुक्या मालाच्या दुकानात ती अडकलीच. पिंपांत आकारवार लावलेली सुकी कोलंबी. सोललेली, केशरी, खारट वासाची. मावशी जवळजवळ ओरडली, ‘अगं, हे सोडे!’ सीकेपी बाई, चायनाटाउन आणि सोडे. पुढची दहा मिनिटं अकरा जणांची टूर थांबून राहिली आणि तिने दोन प्रतींचे वास घेऊन महागातले अर्धा पौंड घेतले.

नंतर एका बेकरीवजा दुकानात लो बाक गो खाल्लं. इंग्रजीत त्याला टर्निप केक म्हणतात, पण टर्निप नाही आणि केकही नाही. पांढरा मुळा किसून तांदळाच्या पिठात मिसळायचा, त्यात बारीक चिरलेले सोडे आणि सॉसेज, मग वाफवून, गार करून, वड्या पाडून तव्यावर खरपूस करायच्या. मावशीने पहिला घास घेतला आणि म्हणाली, ‘कोथिंबीर वडीसारखं केलंय. वाफ कमी पडलीय पण.’ हार गाव, म्हणजे कोलंबीच्या त्या अर्धपारदर्शक करंज्या, तिने चुण्या मोजून पास केल्या. अंड्याच्या टार्टचे दोन खाल्ले आणि तिसरा माझा.

तक्रारी आहेत, नाहीत असं नाही. सहा ठिकाणी खायचं म्हणजे चौथ्यापर्यंत जीव कासावीस होतो. सकाळी घरून नाश्ता करून गेलो हा मूर्खपणा माझा. अकरा माणसं त्या अरुंद गल्लीत उभी राहिली की तिथे राहणाऱ्या माणसाला घरी जाता येत नाही. वरच्या मजल्यांवर आठ बाय दहा फुटांच्या खोल्या आहेत, स्वयंपाकघर आणि संडास सामायिक, खिडकीबाहेर दांड्यांवर कपडे. आमच्यातल्या एकीने त्या कपड्यांचे फोटो काढले. आपल्या गिरगावातल्या चाळीत कोणी असं केलं असतं तर वरून पाणी पडलं असतं.

आणि त्या फोटोवालीनेच विचारलं, ‘पण खरे चिनी लोक कुठे जेवतात?’ बाई म्हणाल्या, ‘मी सकाळी घरी जेवले. टोस्ट.’

त्यांनी आजोबांची गोष्ट सांगितली. १९०६ च्या आगीत शहराचे जन्मदाखलेही जळाले. मग ‘मी इथेच जन्मलो, म्हणजे नागरिकच’ म्हणणाऱ्याला खोटं कसं ठरवणार? अशा नागरिकांनी गावाकडच्या मुलांना आपले मुलगे म्हणून कागदावर लावून आणलं. हे ‘कागदी मुलगे’. एंजल आयलंडवर, म्हणजे इथल्या खाडीतल्या बेटावर, येणाऱ्यांची अधिकारी उलटतपासणी घ्यायचे, घराला किती पायऱ्या, तांदळाचा रांजण कुठे, शेजारी कोण. उत्तरं बोटीवर पाठ करायची आणि वही समुद्रात फेकायची. बाईंचे आजोबा असेच आले, त्यामुळे त्यांचं आडनावही विकतचं. ज्या बाईचं आडनाव कागदी आहे, तिला आम्ही विचारत होतो, अस्सल काय आहे?

शेवटचा थांबा खाण्याचा नव्हता. वेव्हर्ली प्लेसवर टिन हाउचं, समुद्रदेवीचं देऊळ, तीन जिने वर. मावशी गुडघे धरून चढली. धुपाचा तो गच्च वास आल्यावर म्हणाली, ‘आमच्या माझगावच्या चिनी देवळासारखं आहे. ते पण असंच वर.’

मला माझगावला चिनी देऊळ आहे हेच माहीत नव्हतं. मावशीचं लहानपण डॉकयार्ड रोडचं. तिथे नवाब टँकपाशी १९१९ साली बांधलेलं देऊळ आहे, सी-यपचं. शेजारच्या इमारतीत एक चिनी दाताचा डॉक्टर होता, त्याची मुलगी मावशीबरोबर सागरगोटे खेळायची. १९६२ चं युद्ध झालं, चिनी दिसणाऱ्यांना राजस्थानात देवळीच्या छावणीत नेलं जात होतं, पोलिसांत हजेऱ्या लागत होत्या, आणि एका सुट्टीनंतर ते घर बंद दिसलं. कुठे गेले कोणाला कळलं नाही. मावशीने हे मला आजवर कधी सांगितलं नव्हतं, किंवा मी विचारलं नव्हतं.

बाईंनी एकच शब्द पकडला. ‘सी-यप? सेइ-यप म्हणाल्या का त्या?’ मी हो म्हटलं. सी-यप म्हणजे कँटनजवळचे चार तालुके. सॅन फ्रान्सिस्कोला सोनं खणायला आणि रेल्वे बांधायला आलेले बहुतेक तिथलेच. बाईंच्या आजोबांचं गाव तोइसान त्यांतलंच. तीच माणसं कोणी इकडे आली, कोणी माझगावच्या गोदीत.

जिन्यातच बसून त्यांनी विचारलं, ‘मग मुंबईत ते काय खातात?’ मावशी क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘सांग तिला, मंचुरियन.’ मी सांगितलं की कलकत्त्यात जन्मलेले एक चिनी आचारी, नेल्सन वाँग, यांना त्याचं श्रेय देतात, १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लबात. आलं, लसूण, हिरवी मिरची हे आपलं नेहमीचंच, आणि गरम मसाल्याऐवजी सोया सॉस.

‘कोथिंबीर?’

‘वरून,’ मावशी मराठीतच म्हणाली, आणि हाताने भुरभुरून दाखवली.

बाईंनी टूरचा नकाशा उलटा केला, पेन काढलं, आणि विचारलं की कॉर्नफ्लोअर किती.