सोडिअमची दानत

वादाला निमित्त झालं मास्तरांचं एक वाक्य. "सोडिअमला बाहेरच्या कक्षेतला एकुलता इलेक्ट्रॉन नकोच असतो, क्लोरीनला एक कमी पडतो. हा देतो, तो घेतो, दोघांच्या बाहेरच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन, म्हणजे अष्टक पूर्ण, आणि मीठ तयार!" मास्तर शिकवण्या घेतात, त्यामुळे त्यांची वाक्यं फळ्यावरून उतरवल्यासारखी येतात.

लॅबवाला उखडलाच. "नकोच असतो, तर तो काढायला मोलमागे, म्हणजे अणूंच्या एका ठरावीक मापामागे, ४९६ किलोज्यूल ऊर्जा का मोजावी लागते?"

"पण क्लोरीनला तो मिळाला की ऊर्जा सुटते ना!"

"सुटते की. ३४९. वजाबाकी करा."

आमचा हिशेबनीस एवढा वेळ गप्प होता. आकडे ऐकून त्याच्या अंगात आलं. "१४७ ची खोट! मग हा सौदा होतोच कशाला?"

"अजून खर्च संपलेला नाही," लॅबवाला म्हणाला. "घन सोडिअमचे अणू सुटे करायला १०७. क्लोरीनची जोडी फोडून एक अणू मिळवायला १२१."

हिशेबनिसाने बेरीज मारली. खर्च ७२४, जमा ३४९, तूट ३७५.

"आता जमेला ७८७ लिही. सुटे आयन, म्हणजे विद्युतभार आलेले अणू, एकत्र येऊन मिठाच्या स्फटिकाची जाळी बांधतात तेव्हा सुटणारी ऊर्जा. प्रत्येक सोडिअमभोवती ६ क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडभोवती ६ सोडिअम. सगळी कमाई या खेचाखेचीत आहे. दानतबिनत काही नाही."

"४१२ शिल्लक," हिशेबनीस खूश होऊन म्हणाला. प्रयोगात मोजलेला आकडा ४११ आहे. जमाखर्च मांडायची ही पद्धत बॉर्न आणि हाबर यांच्या नावाने ओळखली जाते, हे मला तिथेच कळलं.

मास्तर हटले नाहीत. "नववीच्या पोरांना ७८७ सांगत बसू? अष्टकाने निदान सूत्र तरी बरोबर येतं."

"येतं, पण पोरं त्यालाच कायदा समजतात. झेनॉन वायूचं अष्टक पूर्णच असतं, तरी १९६२ साली रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेटने त्याचं संयुग बनवून दाखवलं. ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन खेचून घेणारं संयुग त्याच्या हाती होतं. झेनॉनमधून इलेक्ट्रॉन काढायला जवळपास तेवढीच ऊर्जा लागते, हे त्याने ताडलं. त्याने आठ मोजले नाहीत, ऊर्जा मोजली."

यावर मास्तर गप्प बसले. मला वाटलं, मिटलं. पण हिशेबनिसाला चैन पडेना. "जाळीत एवढी कमाई आहे, तर सोडिअम दुसराही इलेक्ट्रॉन देऊन टाकत का नाही? आयनावरचा भार दुप्पट, खेच आणखी जास्त."

"दुसऱ्याला ४५६२ लागतात," लॅबवाला म्हणाला. "तो आतल्या कक्षेतला, केंद्रकाजवळचा. एवढी तूट जाळीला भरून काढता येत नाही."

"आतल्या कक्षेत किती असतात?" मास्तरांनी हळूच विचारलं.

लॅबवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं. "आठ."