मत्स्यालय करा, पण विजयदुर्गची गोदी आधी दाखवा

लेखात मालवणला मत्स्यालय आणि आरमाराचं म्युझियम एकाच ठिकाणी करा असं म्हटलंय, आयडिया छानच आहे पण मला विचाराल तर काचेच्या टाकीत मासे बघायला मालवणात कशाला यायचं हो, इथला समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्यात डोकं घातलं की प्रवाळ दिसतं आणि पिवळे-काळे पट्ट्यांचे मासे नाकासमोरून जातात. गेल्या मे मधे आमच्यासोबतच्या एकाने फोटोसाठी त्याच प्रवाळावर चक्क पाय ठेवला, गाईडही काही बोलला नाही!! बोटीत बसायच्या आधी १० मिनिटं हेच नीट सांगा ना.

आणि आरमार म्हणाल तर सिंधुदुर्गच्या दूधबाव, दहीबाव या विहिरींपुढे गाईड सरकतच नाहीत. विजयदुर्गजवळ वाघोटन खाडीत गिर्येला मराठा आरमाराची खडकात खोदलेली गोदी आहे, भरतीला गलबत आत घ्यायचं, ओहोटीला पाणी गेलं की दुरुस्ती करायची, किती साधी युक्ती! आम्ही गेलो तेव्हा धड बोर्ड पण दिसला नाही, शेवटी बकऱ्या घेऊन चाललेल्या आजोबांनी वाट दाखवली. तिथे लाकडी गलबताचं एक मॉडेल ठेवलं तरी पोरं तासभर हलायची नाहीत.