समुद्र ऐकायला आलो होतो, तुमचा स्पीकर नव्हे

घरी येऊन बॅगा रिकाम्या झाल्या, वाळूने भरलेले कपडे धुऊन वाळले, तरी राग उतरत नाहीये. म्हणून लिहिते.

मालवणजवळच्या देवबागला तंबूत राहायला गेलो होतो, अगदी किनाऱ्यालगत. 'लाटांच्या आवाजात झोपा' असं कॅम्पच्या जाहिरातीत ठळक अक्षरांत होतं. त्यासाठी माणशी पैसे मोजले, मुंबईहून रात्रभर गाडी हाकत गेलो, आणि रात्री तीनपर्यंत ऐकलं काय, तर शेजारच्या ग्रुपचा स्पीकर. चाकं लावलेला, कमरेएवढा उंच, रंगीत दिवे मारणारा. त्याचा बास वाळूतून थेट पाठीत धडधडत होता. अहो, तंबूला भिंत नसते! एक पातळ कापड असतं. पलीकडचा माणूस कुशीवर वळला तरी अलीकडे कळतं. तिथे तुम्ही शंभर जणांना पुरेल एवढा आवाज लावता, आणि आजूबाजूच्या तंबूंमध्ये माणसं आहेत हे तुमच्या गावीही नसतं?

बारा वाजून गेल्यावर मी उठून गेले. हात जोडून म्हणाले, "दादा, लहान मुलं झोपायचा प्रयत्न करतायत, आवाज जरा कमी करा." उत्तर आलं, "काकू, चिल करा ना, एन्जॉय करायला आलोय आम्ही." आणि मागून हशा. मग आम्ही कशाला आलो होतो? आमचे पैसे खोटे होते का? मॅनेजरला उठवलं तर तो डोळे चोळत म्हणतो, "मॅडम, ग्रुप बुकिंग आहे. मी काही बोललो की ते खराब रिव्ह्यू टाकतात." म्हणजे जो दांडगाई करतो त्याची भीती बाळगायची आणि जो हात जोडून विनंती करतो त्याला परत झोपायला पाठवायचं, हा यांचा धंदा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. सणासुदीच्या परवानगीचे मोजके दिवस सोडले तर रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. समुद्रकिनारा त्यातून कुणी वगळलेला नाही. पण किनाऱ्यावर पाऊल पडलं की लोकांना वाटतं, इथे कुणाचं काही नाही, इथे काहीही चालतं.

खरी चीड मला याची आहे. इथे कुणाचं काही नाही? अरे, तुम्ही उभे कुठे आहात ते तरी बघा!

देवबाग म्हणजे डोंगराला टेकलेली भक्कम जमीन नव्हे. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, आणि दोहोंच्या मधे वाळूची लांबलचक चिंचोळी पट्टी. तारकर्लीकडून येणारा एक अरुंद रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना माड आणि घरं, शेवटी संगम, आणि पलीकडच्या तीरावर भोगवे. काही घरांच्या पुढच्या दारी समुद्र आहे आणि मागच्या दारी खाडी. नदीने खाली आणलेली आणि लाटांनी किनाऱ्याकिनाऱ्याने सरकवत नेलेली वाळू साचून ही पट्टी उभी राहिली. ती अजूनही हलते. पावसाळ्यात समुद्र किनाऱ्याची वाळू ओढून आत नेतो, पाण्याखाली तिचा बांध घालतो, आणि पाऊस सरला की महिनोन्‌महिने ती थोडीथोडी परत आणून टाकतो. उधाण आलं की लाट आणि घर यांच्या मधे उभं असतं ते वाळूचं टेकाड, आणि ते टेकाड धरून ठेवतात वाळूवर पसरणारी मर्यादवेल, रावणाच्या मिशा नावाचं टोकदार गवत आणि केवड्याची बेटं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने मालवणचा किनारा झोडपला तेव्हा इथल्या लोकांनी रात्र कशी काढली असेल, याची कल्पना करा. पाणी दोन्हीकडून जवळ आणि पळायला वाट एकच.

आता हे टेकाड कॅम्पवाल्याला अडचणीचं वाटतं. तंबू मांडायला सपाट जागा हवी. तंबूची चेन उघडली की समोर थेट पाणी दिसलं पाहिजे, त्याशिवाय 'सी व्ह्यू'चे जादा पैसे लावता येत नाहीत. मग बोलवा जेसीबी. आमच्या कॅम्पच्या कडेला मी स्वतः पाहिलं: ढकलून लावलेल्या वाळूच्या ढिगात मर्यादवेल मुळासकट उपटून पडली होती. हातभर, दोन हात लांब दोरखंडासारखे वेल, पेरापेराला मुळं फुटलेली, आणि त्यातल्या एकाला जांभळं फूल अजून तसंच होतं. असा एक वेल वाळूवर पसरायला किती काळ जातो आणि जेसीबीच्या बकेटला किती मिनिटं लागतात? टेकाडांमध्ये फेरफार करायला सीआरझेडच्या, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, २०११ च्या अधिसूचनेत स्पष्ट बंदी आहे, २०१९ च्या अधिसूचनेतही आहे. कागदावर सगळं आहे. आणि मग दोन-चार पावसाळ्यांनी समुद्र आत आला की हेच लोक दगडी बंधारा घाला म्हणून निवेदनं देणार. फुकट मिळालेलं संरक्षण स्वतःच्या हाताने खरवडून काढायचं आणि नंतर सरकारी पैशाने काळे दगड टाकून घ्यायचे. वर त्या दगडांमुळे रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, होड्या ओढायला जागा उरत नाही, ते वेगळंच.

गाड्यांबद्दल तर बोलायलाच नको. सकाळी उजाडतं न उजाडतं तोच फोर बाय फोर किनाऱ्यावर. ओल्या वाळूत गोल गोल घिरट्या, एक जण टपावर उभा, एक जण मोबाईल धरून. कशासाठी? पंधरा सेकंदांच्या रीलसाठी. चाकाखाली खेकड्यांची बिळं दबतात, कोवळे वेल चिरडतात, आणि समुद्राकडे तोंड करून शांत बसलेली माणसं जीव मुठीत घेऊन पोरांना बाजूला ओढतात. नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले कासवं कोकणच्या किनाऱ्यावर रात्री येऊन अंडी घालतात. तोंडवळीला, वायंगणीला गावातली माणसं पहाटे चालत फिरून घरटी शोधतात, कुंपण घालून जपतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी. साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं बाहेर येतात आणि जिकडे उजेड जास्त तिकडे चालायला लागतात, कारण एरवी रात्री समुद्राकडचं क्षितिजच उजळ असतं. अशा किनाऱ्यावर माडांना फ्लडलाइट बांधून पांढराफेक उजेड पाडायचा! तंबूत पडल्या पडल्या मला पुस्तक वाचता आलं असतं इतका उजेड. आकाशातलं एक नक्षत्र मुलांना दाखवता आलं नाही.

पण माझं डोकं खरं फिरलं ते सकाळी.

रात्री त्या ग्रुपने शेकोटी केली होती. सुकी झावळं, करवंट्या सोडून यांनी जाळली काय, तर मालाच्या पेट्यांची तोडलेली लाकडं. पेटी जळते, तिचे खिळे जळत नाहीत. ते तसेच वाळूत राहतात, गंजतात, आणि अनवाणी चालणाऱ्याची वाट बघतात. आणि जाताना विझवलं कसं? पायाने वाळू ढकलली आणि झालं. वाळूने निखारा विझल्यासारखा दिसतो, विझत नाही. वर बोटभर वाळू आणि खाली तासन्‌तास धग धरलेले कोळसे. वरून बघणाऱ्याला काही कळत नाही. माझ्या बहिणीचा सहा वर्षांचा मुलगा सकाळी शिंपले वेचत तिकडून धावत गेला आणि किंचाळत खाली बसला. तळव्याची कातडी पांढरी पडून वर आली होती. त्याला उचलून नळाकडे पळालो, वीस मिनिटं पाय धारेखाली धरून ठेवला, मग मालवणला डॉक्टरकडे. पोर बिचारं परतीच्या सगळ्या वाटेत पाय सीटवर ठेवून बसलं होतं. शेकोटीवर दोन बादल्या पाणी ओतायचं, काठीने ढवळायचं, परत ओतायचं, एवढंच करायचं होतं. समुद्र पन्नास पावलांवर होता! पाणी कमी पडलं असं तरी म्हणता येईल का?

आणि बाटल्या. रिकाम्या झाल्या की फोडायच्याच, हा कुठला आनंद? देवबाग, तारकर्ली, मालवण हा रापणीचा किनारा आहे. पहाटे होडीतून जाळं अर्धगोल टाकतात आणि किनाऱ्यावर दोन बाजूंना माणसं रांगेने उभी राहून दोर ओढतात. अनवाणी. टाचा वाळूत रुतवून, मागे झुकून, एक एक पाऊल मागे सरकत. मागे सरकणाऱ्या माणसाला मागे काय पडलंय ते दिसत नसतं. त्या सकाळी दोर ओढणाऱ्यांपैकी एक काका तसेच थांबले, पाय उचलून काच उपसून काढली, आणखी कुणाला लागू नये म्हणून झाडाच्या बुंध्याशी नेऊन ठेवली, पायाला फडकं बांधलं आणि परत दोराला लागले. कुणाला एक शब्द बोलले नाहीत. मीच तिथे उभी राहून थरथरत होते. ती काच ज्याने टाकली तो तेव्हा एसी गाडीत बसून आंबोलीच्या घाटात पोहोचला असेल.

पाण्याचंही तेच. वाळूच्या पट्टीवर गोडं पाणी म्हणजे मुरलेलं पावसाचं पाणी, खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगणारा थर. त्याचा हिशेब क्रूर आहे: वरची पातळी एक फूट उतरली की खालचं खारं पाणी चाळीस फूट वर चढू पाहतं. पंप लावून तीस-तीस माणसांच्या शॉवरला आणि तरणतलावाला पाणी उपसलं की शेजारच्या घराची विहीर मचूळ होते, आणि ती एकदा मचूळ झाली की पुढचा पाऊस येईपर्यंत त्या घरातली बाई कळशी घेऊन फिरते. शिवाय संडासाचे खड्डे त्याच वाळूत, विहिरीपासून हाकेच्या अंतरावर. समोर समुद्र असताना तरणतलाव कशाला हवा, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

मला लगेच ऐकवलं जाईल की पर्यटनामुळे गावाला रोजगार मिळतो. मिळतो, आणि मिळालाच पाहिजे. मासळीचे दिवस पूर्वीचे राहिले नाहीत, पोरांना मुंबईला जावं लागू नये असं वाटणं यात काही चूक नाही. पण चांगलं चालवता येत नाही हे साफ खोटं आहे. याच पट्टीवर एका घराच्या माडांच्या बागेत मोजके तंबू लावतात. तिथे आम्ही आधी राहिलोय. टेकाडाच्या मागे तंबू, दिवे गुडघ्याएवढ्या उंचीवर आणि पिवळे, शेकोटी फक्त दगडांच्या कुंडात. रात्री दहाला घरचे आजोबा स्वतः फिरतात. एका ग्रुपने हुज्जत घातली तेव्हा त्यांनी आवाज न चढवता सांगितलं, "दहा वाजले, स्पीकर बंद. नाय जमत तर पैशे परत घेवा नि जावा." ग्रुप गप्प बसला. त्यांच्याकडे या वेळी जागा मिळाली नाही, इतकं त्यांचं बुकिंग भरलेलं असतं. तेव्हा नियम पाळले की गिऱ्हाईक पळतं, ही सबब मला सांगू नका.

आणि जे जातात त्यांच्यासाठी. बुकिंग करण्याआधी फोनवर विचारा: रात्री दहाला संगीत बंद होतं का, ग्रुप बुकिंग आहे का, तंबू टेकाडाच्या पुढे आहेत की मागे, शेकोटी कुठे करतात. जो उत्तर द्यायला टाळाटाळ करेल त्याला पैसे पाठवू नका. रात्री आवाज थांबला नाही तर पोलिसांसाठी ११२ लावा. कुणाची करमणूक बिघडते म्हणून लाजू नका, झोप तुमची बिघडतेय. शेकोटी विझवताना स्वतः बादली घेऊन जा. काच दिसली तर उचला, पण ज्याने टाकली तो समोर असेल तर त्यालाच उचलायला लावा.

मी तहसीलदार कार्यालयात लेखी तक्रार दिली आहे. खरवडलेल्या टेकाडाचे, फ्लडलाइटचे आणि भाच्याच्या पायाचे फोटो जोडले आहेत. कॅम्पवाल्याकडे पैसे परत मागितले, त्यावर त्याने पुढच्या वेळी दहा टक्के सवलत देऊ केली. नको तुझी सवलत! दवाखान्याचं बिल पाठवलंय, ते भर. आणि हो, निघताना मॅनेजरने सांगितलं, येत्या शनिवारीही ग्रुप बुकिंगच आहे, आणि ते स्वतःचा डीजे घेऊन येणार आहेत.