स्पेक्ट्रम प्लसच्या डिव्हएमएमसी बॉक्सबद्दलच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार,

डिव्हएमएमसी म्हणजे स्पेक्ट्रम प्लस या जुन्या घरगुती संगणकात मेमरी कार्डावरून प्रोग्राम भरणारा बोर्ड. त्यासाठीच्या आमच्या बॉक्सला दोन तारे देऊन तुम्ही चार गोष्टी लिहिल्या आहेत: बॉक्सला नुसता हात लागला तरी मशीन हँग होतं, मेमरी कार्ड फटीतून आत पडलं, झाकण वाकलं, आणि एकदा कार्ड बसवूनही मेनू आलाच नाही. पहिल्या दोन्हींत चूक सरळ आमची आहे, तिसऱ्यात अर्धी. चौथीचं कारण बहुतेक बॉक्सबाहेर आहे, पण तेही सांगतो.

तुमच्याकडे डेसिबेल्सचा डीबी स्पेक्ट्रम प्लस आहे, 1986 मध्ये सिंक्लेअरच्या परवान्यावर भारतात आलेला. स्पेक्ट्रम प्लसला खाली दुमडते पाय असतात. ते उघडले की मशीनची मागची बाजू उचलली जाते आणि मागे लावलेला बॉक्स टेबलाला न टेकता अधांतरी राहतो. सगळा भार एज कनेक्टरवर, म्हणजे मशीनच्या मागच्या जोडणीच्या पट्टीवर, येतो. तिथे दोन्ही बाजूंना 28-28 जागा आहेत, अंतर फक्त 2.54 मिमी. कनेक्टर किंचित तिरका झाला की अ‍ॅड्रेस किंवा डेटाची एखादी लाइन क्षणभर सुटते. डिव्हएमएमसी आपली मेमरी मशीनच्या रॉमच्या (कायमच्या मेमरीच्या) जागी आणून बसवत असल्याने तेवढ्या क्षणात झेड-80 प्रोसेसर चुकीचा बाइट वाचतो आणि काम तिथेच थांबतं. बॉक्सचं पहिलं काम बोर्ड झाकणं नव्हे, हा भार कनेक्टरवरून काढून टेबलावर देणं आहे. आम्ही दिलेला 11 मिमीचा पाय मशीन सपाट ठेवलं तरच पुरतो, आणि हे आम्ही विक्रीच्या पानावर लिहायला हवं होतं. 8 ते 30 मिमी कमी-जास्त होणारा स्क्रूचा पाय तुम्हाला पाठवत आहोत.

तोपर्यंत मशीनचे पाय मिटून ठेवा आणि बॉक्सखाली पुठ्ठ्याची घडी सरकवा. घडी जेमतेम टेकली पाहिजे. बॉक्स वर उचलला गेला तर कनेक्टर उलट्या दिशेने वाकतो आणि त्रास तोच.

एक कळकळीची विनंती: हे करताना अ‍ॅडॅप्टर भिंतीतून काढलेला असू द्या. पाचव्या जागेवरच्या खाचेला लागूनच 9 व्होल्ट आहेत आणि त्यांच्या शेजारी 5 व्होल्ट. चालू मशीनवर कनेक्टर एक घर सरकला तर मशीनच्या वीजपुरवठ्यातला टीआर-4 ट्रान्झिस्टर जातो आणि बरेचदा त्याच्यासोबत 4116 मेमरी चिपाही. म्हणून कनेक्टरमध्ये पाचव्या जागेवर ती छोटी प्लास्टिकची पट्टी आहे ना, हे लावण्याआधी बघा. ती गळून पडली असेल तर कळवा, आणि मिळेपर्यंत बॉक्स लावूच नका. मशीनचे संपर्क काळवंडले असतील तर कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. पॉलिश पेपर अजिबात नको, कलई निघून जाते.

आता कार्ड. एसडी कार्ड 24 मिमी रुंद, 2.1 मिमी जाड. आमची फट 27 बाय 4 मिमीची होती, आणि भिंत आणि सॉकेट यांच्यात 3 मिमी मोकळी जागा राहिली होती. कार्ड सॉकेटच्या वरून घसरून आत जाणारच. नव्या बॉक्सला 25 बाय 2.8 मिमीची फट आहे आणि आतून सॉकेटपर्यंत नेणारा खोबणीचा मार्ग आहे. पडलेलं कार्ड काढण्यासाठी बॉक्स मशीनपासून सोडवा, चारही एम-3 स्क्रू काढून झाकण उघडा. चालू मशीनवर हलवून काढू नका. कार्ड बोर्डावर आडवं पडलं तर शॉर्ट होऊ शकतो. नवा बॉक्स येईपर्यंत फट वरून अरुंद करायची असेल तर जुन्या एटीएम कार्डाच्या पट्ट्या चालतात. एक कार्ड 0.76 मिमी जाड असतं, दोन थर फटीच्या वरच्या कडेला आतून चिकटवा.

झाकण पीएलए या प्लास्टिकचं होतं. ते साधारण 60 अंशांना मऊ पडतं, आणि एप्रिल-मे महिन्यांत बंद गाडीत किंवा पश्चिमेच्या खिडकीत एवढं तापायला वेळ लागत नाही. आम्ही हे आधी सांगितलं नाही. आता झाकणं पीईटीजी या दुसऱ्या प्लास्टिकची करतो, ती सुमारे 80 अंशांपर्यंत टिकतात. मात्र तुमच्या फोटोत स्क्रूभोवती पांढऱ्या रेषा दिसतात, म्हणजे स्क्रू जास्त आवळले गेलेत. स्क्रू टेकल्यावर पाव फेरा पुरे.

मेनू न येण्याबद्दल दोन गोष्टी तपासा. 64 जीबी कार्ड बाजारातून एक्सफॅट या फॉरमॅटमध्ये येतं, ते इथे चालत नाही. ते फॅट-32 मध्ये फॉरमॅट करा, किंवा सरळ 4-8 जीबीचं कार्ड घ्या. तेवढं भरपूर आहे: 48 केचा एक स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या मेमरीची जतन केलेली प्रत, 50 केबीच्या आसपासच असतो. दुसरं, कार्डावरच्या एसवायएस आणि बीआयएन फोल्डरमधली ईएसएक्स-डॉसची (कार्ड वाचणाऱ्या प्रणालीची) आवृत्ती बोर्डाच्या चिपमधल्या आवृत्तीशी जुळली पाहिजे. अ‍ॅडॅप्टर मूळचा नसेल तर त्याची पिनही बघा: स्पेक्ट्रमला मधली बाजू ऋण लागते, राउटरच्या बहुतेक 9 व्होल्ट अ‍ॅडॅप्टरची मधली बाजू धन असते. असा अ‍ॅडॅप्टर लावूच नका.

नवा बॉक्स, पाय आणि स्क्रू विनामूल्य पाठवतो. जुना परत करायची गरज नाही. फक्त बोर्डाची रुंदी मिमीमध्ये आणि सॉकेट बोर्डाच्या वर आहे की खाली, एवढं ऑर्डरच्या मेसेजमध्ये लिहा. पैसेच परत हवे असतील तर तसं कळवा.