‘मायेने वजन वाढत नाही’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या शुश्रूषेवरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया इतरांसाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं, की ही बाळं व्हेंटिलेटर, सरफॅक्टंट (फुप्फुसं उघडी ठेवणारं औषध) आणि सरावलेल्या हातांमुळे जगतात, मायेने वजन वाढत नाही. एका सिस्टरकडे चार-पाच बाळं असताना तिने आईबापांची समजूत काढत बसणं म्हणजे नसतं ओझं. शिवाय गोड बोलण्याने खोटी आशा लागते. मोठ्यांच्या आयसीयूत तुम्ही वर्षानुवर्षं ड्यूटी केली आहे, तेव्हा हे उंटावरून शेळ्या हाकणं नाही हे मला कळतं.

यंत्रांबद्दल वाद नाहीच. २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाला श्वासाचा आधार मिळाला नाही, तर नुसत्या मायेचा काय उपयोग? पण माया म्हणजे कामं उरकल्यावर उरलेल्या वेळात करायची गोष्ट, असं तुम्ही धरून चाललात. माझं भांडण तिथे आहे.

टाचेतून रक्त घ्यायचं साधं काम बघा. एक तऱ्हा अशी: इन्क्युबेटरची खिडकी उघडली, पाय धरला, टोचलं, पिळलं, झालं. बाळ बोटं फाकवतं, अंग ताणतं, धड रडायलाही त्याच्यात दम नसतो. मॉनिटरवरचा रक्तातल्या ऑक्सिजनचा ९३ चा आकडा ८० च्या खाली येतो, अलार्म वाजतो. मग ऑक्सिजन वाढवा, मग जास्त झाला म्हणून कमी करा. (या वर-खाली होण्याने बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याला किती धोका असतो, ते तुम्हाला मी सांगायला नको.) दुसरी तऱ्हा: टोचण्याआधी दोनेक मिनिटं जिभेवर सुक्रोजचे (साखरेच्या पाण्याचे) मोजके थेंब द्यायचे. कुणीतरी एका हाताने डोकं आणि दुसऱ्याने पोटाशी दुमडलेले पाय धरून ठेवायचे. टोचून झाल्यावरही बाळ सैल पडेपर्यंत ते हात काढायचे नाहीत. याला वेळ जास्त लागतो, मान्य. पण पहिल्या तऱ्हेत तोच वेळ पुढे अलार्मशी झटापट करण्यात जातो.

नुसत्या कौशल्यावर विसंबून काय होतं, तेही या क्षेत्राने पाहिलंय. १९८० च्या दशकापर्यंत नवजात बाळांना वेदना कळत नाहीत असा समज होता आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर जवळजवळ भुलीशिवाय शस्त्रक्रिया होत. करणारे हात तरबेजच होते. १९८७ साली के. जे. एस. आनंद हे डॉक्टर-संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की पुरेसं वेदनाशामक दिलेल्या बाळांच्या शरीरावरचा ताण खूप कमी असतो आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही कमी होते. बाळाला दुखतं, हे मान्य करणं तेव्हाही कुणाकुणाला हळवेपणाच वाटला असणार.

आता वजन. ते दुधाने वाढतं, खरंय. पण थंडी, आवाज, सारखी हाताळणी यांत बाळाची ताकद खर्ची पडली, तर पोटात गेलेलं दूध अंगी लागणार कसं? आणि ते दूध यायचं आईला. तिला काचेबाहेर उभं करून, वर ‘दूध कमी पडतंय’ म्हणून बोल लावणारे लोक मी पाहिलेत. बाळाला आईच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवायची कांगारू पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात सुरू झाली ती इन्क्युबेटर अपुरे होते म्हणून, सोय म्हणून. पुढे भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १ ते १.८ किलोच्या आतली बाळं घेतली होती. प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच त्यांना आईच्या छातीशी ठेवलं, तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी घटले. आया आत आल्या की जंतुसंसर्ग वाढेल ही भीती नेहमी घातली जाते. त्या चाचणीत संसर्गाची शंका आलेली बाळंसुद्धा कमीच होती.

खोट्या आशेबद्दल मात्र तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. ‘काही काळजी करू नका, सगळं ठीक होईल’ हे मी कुणालाही म्हणत नाही, नव्या सिस्टरनाही म्हणू देत नाही. आईला दिसेल, पडताळता येईल असं सांगायचं: “आज तिने दोनदा श्वास थांबवला, पाठ चोळल्यावर परत घेतला. कालच्यापेक्षा जास्त दूध पचतंय. मेंदूची सोनोग्राफी उद्या आहे, त्याआधी मी काही सांगणार नाही.” मग हात धुऊन यायला सांगायचं आणि तिचा तळवा बाळाच्या डोक्यावर ठेवून द्यायचा, न हलवता. इतक्या लहान बाळाला गोंजारणं सोसत नाही, स्थिर हात सोसतो. हे कुणी सांगितलं नाही, की आई हौसेने कुरवाळते, बाळ दचकतं, आणि आपल्या हाताने त्याला त्रास झाला म्हणून ती पुढे त्याला हात लावायलाच घाबरते.

राहिला चार-पाच बाळांचा प्रश्न. एवढ्या गंभीर बाळांमागे एक सिस्टर हे चूकच आहे, आणि माया दाखवून ती चूक झाकता येणार नाही. तोवर निदान एवढं करता येतं: आईवडिलांना भेटीच्या वेळेपुरतं आत घेण्याऐवजी शिकवून कामात घ्यायचं. नळीतून दूध जाताना सिरिंज धरणं, लंगोट बदलणं, बाळाचा रंग बदलला तर हाक मारणं हे आया लवकर शिकतात, बापही शिकतात. त्यासाठी वॉर्डात रात्रभर टेकता येईल अशी खुर्ची लागते. तीच बहुतेक ठिकाणी नसते, कारण यंत्रांच्या यादीत ती कुणी लिहीत नाही. तुमच्याकडे खरेदीच्या यादीवर सही करण्याचा अधिकार असेल, तर आधी तेवढं बघा.