‘लष्कर म्हणजे एअरलाइन नव्हे’ : एका फिरत्या मजकुराला उत्तर

मुंबईतल्या निवृत्त सेनाधिकाऱ्यांच्या आणि संरक्षणविषयात रस घेणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. नागरी विमान कंपन्यांची सुरक्षा व्यवस्थापन पद्धत, म्हणजेच सेफ्टी मॅनेजमेंट सिस्टिम (धोके आधीच ओळखून नोंदवायचे, चुका न घाबरता कळवायच्या आणि प्रत्येक धोक्याची जबाबदारी कोणाची हे ठरवायचे, अशी पद्धत), लष्करी उड्डाणांवर लादू नये, असे त्यात म्हटले आहे. धोका पत्करणे हाच सैनिकाचा धर्म आहे. चूक कळवणाऱ्याला अभय दिले की शिस्त संपते. ही पद्धत म्हणजे निव्वळ कागदी घोडे आहेत. आणि ती पाळणाऱ्यांचीही हेलिकॉप्टरे मुंबईसमोरच समुद्रात पडली, असे चार मुद्दे त्यात मांडलेले आहेत. लिहिणाऱ्याच्या निष्ठेबद्दल मला शंका नाही. परंतु चारही मुद्द्यांतून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि त्याची किंमत उड्डाण करणाऱ्या तरुणांना मोजावी लागते, म्हणून सविस्तर उत्तर देणे आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा धोक्याचा. युद्धात जीव धोक्यात घालावा लागतो, हे कोणीच नाकारत नाही. प्रश्न युद्धाबाहेर जाणाऱ्या जिवांचा आहे. अमेरिकी काँग्रेसने नेमलेल्या लष्करी विमानसुरक्षा आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये अहवाल दिला. त्यानुसार २०१३ ते २०१८ या आर्थिक वर्षांत सरावाच्या आणि नेहमीच्या उड्डाणांतील अपघातांत १९८ जणांचा मृत्यू झाला आणि १५७ विमाने नष्ट झाली. यात शत्रूचा हात कुठेही नव्हता. ही पद्धत धोका टाळा असे सांगत नाही. कोणता धोका, कशासाठी घ्यायचा आणि तो घेण्याचा अधिकार कोणाचा, हे उड्डाणाआधी ठरवा, असे सांगते. खवळलेल्या समुद्रातून जखमी खलाशाला उचलून आणण्यासाठी बिघडलेल्या हवामानात जाणे वेगळे, आणि महिन्याचे सरावाचे तास भरून काढण्यासाठी त्याच हवामानात जाणे वेगळे. दोन्ही निर्णय एकाच वैमानिकाच्या हिमतीवर सोडून देणे म्हणजे वरिष्ठांनी आपली जबाबदारी खाली ढकलणे होय. शिवाय ही शिस्त नागरी क्षेत्राकडून उसनी घेतलेली नाही. १९५४ या एकाच वर्षात ७७६ विमाने गमावणाऱ्या अमेरिकी नौदलाने विमानवाहू नौकांवर तिरक्या धावपट्ट्या आणल्या आणि १९६१ पासून सर्व स्क्वाड्रनना एकसारखी, छापील कार्यपद्धती बंधनकारक केली. हे काम गणवेशातल्या माणसांनीच केले.

शिस्तीचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे, कारण तो अनेकांना मनापासून पटतो. कार्ल विन्सन या अमेरिकी विमानवाहू नौकेवरचा एक प्रसंग सुरक्षेच्या अभ्यासकांमध्ये सुपरिचित आहे. डेकवर काम करणाऱ्या एका खलाशाचे अवजार हरवले आणि त्याने ते स्वतःहून सांगितले. जेट इंजिन समोर येईल ते आत ओढते. हातात मावणारा एखादा पाना आत गेला तर पाती उडतात आणि इंजिन जागीच निकामी होते. म्हणूनच हँगरमधल्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली असते, आणि पाळी संपताना त्यातली एक जागा जरी रिकामी दिसली, तरी त्या विमानाला उड्डाणासाठी सोडत नाहीत. त्या दिवशी डेकवरचे उड्डाण थांबवले गेले, हवेत असलेली विमाने किनाऱ्यावरच्या तळांकडे वळवली गेली आणि शोध सुरू झाला. दुसऱ्या दिवशी त्या खलाशाचा समारंभपूर्वक गौरव झाला. शिक्षेच्या भीतीने तो गप्प बसला असता, तर त्या नौकेवर शिस्त अधिक होती असे आपण म्हटले असते का?

अमेरिकी हवाई दलात तर मोठ्या अपघातानंतर दोन वेगळ्या चौकशा होतात, आणि सुरक्षा चौकशीत गोपनीयतेच्या हमीवर दिलेली साक्ष शिक्षेसाठी वापरता येत नाही. जबाबदारी ठरवण्यासाठी दुसरी चौकशी असतेच. जाणूनबुजून नियम मोडणाऱ्याला किंवा खोटी नोंद करणाऱ्याला यात कुठेही अभय नाही.

कागदी घोड्यांबद्दलची भीती मात्र खरी आहे, आणि तिचा सर्वांत कडू पुरावा ब्रिटनमधला आहे. २ सप्टेंबर २००६ रोजी रॉयल एअर फोर्सचे निमरॉड एक्सव्ही २३० हे विमान हवेत इंधन भरून घेतल्यानंतर काही मिनिटांतच पेटले आणि कंदाहारजवळ कोसळले. १४ जण मृत्युमुखी पडले. या विमानाची सुरक्षा-छाननी कागदोपत्री पूर्ण झालेली होती. इतकी वर्षे विमान उडते आहे म्हणजे ते सुरक्षितच असणार, हे आधीच गृहीत धरून छाननी केली गेली, असा ठपका या दुर्घटनेची स्वतंत्र चौकशी करणारे वकील चार्ल्स हॅडन-केव्ह यांच्या २००९ च्या अहवालाने ठेवला. पण मग त्यांनी ही पद्धत बंद करा असे सुचवले का? नाही. उलट, स्वतंत्र नियामक नेमा आणि प्रत्येक विमानाच्या धोक्याची जबाबदारी नाव घेऊन एकेका अधिकाऱ्यावर टाका, असे त्यांनी सुचवले. त्यातूनच २०१० मध्ये ब्रिटनची मिलिटरी एव्हिएशन ऑथॉरिटी उभी राहिली. कागद खोटा ठरला तर तो भरणाऱ्याला आणि त्यावर सही करणाऱ्याला जाब विचारायचा असतो. छाननीच सोडून देण्याचे ते कारण होऊ शकत नाही.

मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राकडे जाणाऱ्या नागरी हेलिकॉप्टरांच्या दुर्घटनांचा उल्लेख करताना माणूस हळवा होतो. १३ जानेवारी २०१८ रोजी जुहूहून निघालेल्या हेलिकॉप्टरमधले सातही जण गेले. २८ जून २०२२ रोजी नऊपैकी चार गेले. नागरी नियम लागू असूनही हे घडले, हे खरे आहे. पण अपघात शून्यावर येतील असे वचन ही पद्धत देतच नाही. त्या दुर्घटनांवरून विचारायचा प्रश्न असा, की धोक्याची नोंद आधी झाली होती का, आणि झाली असेल तर तिच्यावर कोणी काय केले. ती नोंदच नको म्हटल्यावर हा प्रश्न विचारायलाही जागा उरत नाही.

आता आपल्या दलांकडे येऊ. हवाई दलाची पालमला इन्स्टिट्यूट ऑफ फ्लाइट सेफ्टी आहे, म्हणजे पाया नाही असे मुळीच नाही. पण ध्रुव हेलिकॉप्टर आपल्याकडे भूदल, नौदल, हवाई दल आणि तटरक्षक दल असे चौघेही वापरतात. ८ मार्च २०२३ रोजी नौदलाचे ध्रुव मुंबईजवळ समुद्रात उतरवावे लागले आणि तिघे कर्मचारी वाचले. २६ मार्चला तटरक्षक दलाचे ध्रुव कोचीला कोसळले. ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदरला तटरक्षक दलाच्याच ध्रुवच्या अपघातात तिघांचा मृत्यू झाला. एका दलाच्या तंत्रज्ञाला एखाद्या भागात दिसलेली बारीकशी खूण उरलेल्या तिन्ही दलांच्या तंत्रज्ञांपर्यंत पुढच्या उड्डाणाआधी पोहोचली पाहिजे, आणि ती मिळूनही हेलिकॉप्टर उडवायचे ठरले तर त्या निर्णयाखाली एका अधिकाऱ्याचे नाव असले पाहिजे. कुलाब्याच्या आयएनएस शिक्रा या नौदलाच्या हेलिकॉप्टर तळावरून उडणाऱ्या मुलामुलींसाठी एवढीच मागणी आहे, आणि फिरत्या मजकुरातल्या चारपैकी एकाही मुद्द्यात तिला उत्तर नाही.