चेहरा सोडा, हात बघा

ख्रिस्ती संतांच्या चित्रांपुढे माझी जी गत होते ती लग्नाच्या ग्रुप फोटोपुढेही होत नाही. कॅथरिन, बार्बरा, मार्गारेट, लुसी, अगाथा, सगळ्या तरुण, गोऱ्यापान, मान एकाच कोनात कललेली आणि नजर वर, छत गळतंय का बघावं तशी. चेहऱ्यावरून ओळखायला गेलात की फसलात. त्यांचे चेहरे चित्रकारांना तरी कुठे ठाऊक होते!

म्हणून हात बघायचे. त्यातही झावळीचा हात सोडून द्यायचा. झावळी म्हणजे रक्तसाक्षी, धर्मासाठी जीव दिलेली, एवढंच. ती पाचही जणींकडे सापडते. मुकुटालाही भुलू नका. दुसरा हात, मग पाय, मग पाठीमागचा देखावा, या क्रमाने जा. खिळ्यांचं चाक, बहुधा मोडकं, दिसलं की कॅथरिन. पायाशी ड्रॅगन असला की मार्गारेट. मनोरा असेल तर खिडक्या मोजा. तीन भरल्या की बार्बरा. तिसरी तिने त्रैक्यासाठी, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्यासाठी, पाडून घेतली आणि बाप भडकला.

खरी कसोटी तबकाची. लुसीच्या तबकात डोळे, अगाथाच्या तबकात कापलेले स्तन, आणि चार पावलांवरून दोन्ही मिठाई. सिसिलीतल्या कातानियात अगाथाच्या सणाला खरोखरच त्या आकाराची मिठाई खातात, वर चेरी लावून. फ्रांचेस्को देल कोस्साने 1473-74च्या सुमारास लुसी रंगवली, तिच्याकडे तबकच नाही. बोटांत नाजूक देठ धरलाय. आधी कळ्या वाटतात, मग बुबुळं दिसतात.

पुरुषांत याकोब आणि रोक छळतात. टोपी, काठी, शिंपला, दोघेही वारीला निघालेले. झगा वर करून मांडीवरची प्लेगची गाठ दाखवतो तो रोक. गाठ खरं तर जांघेतली, चित्रकारांनी लाजेखातर खाली सरकवली. शेजारी पाव तोंडात धरलेला कुत्रा असतो, एकच. चार मोजलेत तर तुम्ही दत्ताच्या देवळात आहात.

जुन्या गोव्यातलं से कॅथेड्रल कॅथरिनचं, कारण पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने 25 नोव्हेंबर 1510 रोजी, तिच्या सणादिवशी, गोवा जिंकला. तिथे निदान नाव आधीच ठाऊक असतं. लाकडी मूर्तींचं मात्र अवघड. हातातली वस्तू बऱ्याचदा वेगळी घडवून बसवलेली, ती आधी हरवते. मुठीला आरपार भोक असेल तर तलवार, काठी नाहीतर झावळी गेलीय. तळवा सपाट असेल तर पुस्तक किंवा मनोरा. तबक शाबूत आणि वरचं गळून पडलेलं, अशी मूर्ती समोर आली की मी गुपचूप पुढच्या दालनात जातो.